मंडईला मेट्रोने जाताना

कोथरूडहून मेथीची जुडी आणायला मंडईत दुचाकीवर जाणं आता शोभत नाही. पुण्याची भुयारी मेट्रो स्वारगेटपर्यंत पोचली २९ सप्टेंबर २०२४ ला, आणि तुम्ही अजून बसला नाहीत? शेजारी काय म्हणतील? येत्या रविवारी निघाच. दुपारच्या जेवणाला मेथी लागणार असेल तर सकाळी लवकर निघा.

आनंदनगर स्थानकात आधी जिने चढा. पाताळात जायचं तर पुण्यात सुरुवात वरूनच करतात. वाटेत डेक्कनला स्थानकावर पगडीच्या आकाराचं छप्पर दिसेल. सोबत पाहुणे असतील तर ती कल्पना मुळात आपलीच होती असा चेहरा ठेवा. जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदलायला उतरायचं, आणि मग उतरतच राहायचं. भुयारी मार्ग इथे जमिनीखाली सुमारे ३३ मीटरवर आहे. सरकता जिना, थोडं चालणं, पुन्हा सरकता जिना. एवढं खणल्यावर विहिरीला पाणी लागतं. इथे एसीचा गार वारा लागतो, तो तिकिटातच धरलाय, तेव्हा भरपूर घ्या. जिन्यावर मधोमध उभं राहावं. मागच्याला घाई असलीच तर तो बाहेरगावचा.

खालच्या गाडीत मात्र बसायच्या भानगडीत पडू नका. जागा शोधेपर्यंत मुठा डोक्यावरून निघून जाते. (नदीत पाणी आहे का, हा वाद इथे काढू नये. खालून दिसत नाही.) मग कसबा पेठ. ह्या स्थानकाचं नाव आधी बुधवार पेठ होतं. ते का बदललं असं मुलांनी विचारलं, तर ‘चला, मंडई आली’ म्हणून उठावं.

वर आल्यावर आपण कुठल्या दारातून बाहेर पडलो हे कळणार नाही. घाबरू नका, मंडईच्या इमारतीचा अष्टकोनी मनोरा शोधा. तो १८८६ पासून जमिनीवरच आहे, त्यामुळे सापडतो. मेथी घ्या. भावात घासाघीस करू नका, तिकिटाचे पैसे आठवतील. परतीच्या तपासणीत पिशवी यंत्रातून सरकेल, तेव्हा कोथिंबीर वर ठेवा.

आनंदनगरला उतरलात की खांबाखाली लावलेली आपली दुचाकी बघा. हो, स्थानकापर्यंत तुम्ही दुचाकीवरच आला होतात. घरून चालत कोण येतं? गाडी जागेवर नसेल तर ती वाहतूक पोलिसांनी उचललीय. सोडवायला जाताना रिक्षा करा, मेथी मांडीवर घ्या.