इथे पाणसळ लावू नये

इंग्लिश गायक एल्विस कॉस्टेलोच्या 'धिस इयर्स मॉडेल' या रेकॉर्डचं ब्रिटिश कव्हर फ्रेम करून भिंतीवर लावणं हा छंद नव्हे, पहारा आहे. आल्यागेल्या प्रत्येकाचा हात त्या फ्रेमकडे जातो. वास्तविक चित्र तिरकं नाही, डावीकडे सरकलेलं आहे. पण शिस्तप्रिय पाहुणा फ्रेमच जराशी फिरवतो, आणि मग ते सरकलेलंही राहतं आणि तिरकंही होतं.

हा उपद्व्याप बार्नी बबल्स या डिझायनरचा. १९७८च्या मार्चमध्ये आलेल्या या रेकॉर्डवर त्यानं मुद्दाम चुकीची छपाई केली. गायकाच्या नावातला पहिला 'ई' आणि अल्बमच्या नावातला पहिला 'टी' डाव्या कडेला कापला गेला, आणि कटिंगमध्ये जायला हवी ती छापखान्याची रंग तपासायची पट्टी उजवीकडे तशीच राहिली. अशी लग्नपत्रिका आली असती तर वऱ्हाड प्रेसवर चालून गेलं असतं.

फ्रेमवाला हमखास विचारतो, "माउंट टाकून ती रंगीत पट्टी झाकू का?" नको! माउंट, म्हणजे ती आतली पुठ्ठ्याची चौकट, अजिबात नको, आणि लाकडाची कडही शक्य तितकी कमी आत घ्या. पट्टी झाकली की उरतो तो निव्वळ चुकलेला माल.

सरळ छापलेलं कव्हर अमेरिकन प्रतीला मिळतं. पण तिच्या पोटात खोट: बारा गाण्यांतली 'चेल्सी' आणि 'नाइट रॅली' काढून बदली म्हणून 'रेडिओ, रेडिओ' घातलंय. गाणी झाली अकरा. मला विचाराल तर सरळ दिसणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

बरं, ऐकणंही सोपं नाही. पहिलं गाणं वाद्यांची प्रस्तावना वगैरे न करता थेट आवाजानंच सुरू होतं. तबकडीची एक फेरी १.८ सेकंदांची, सुई चारदोन खोबण्या आत पडली की पहिली ओळ गेलीच. म्हणून सुई हातानं न ठेवता लिव्हरनं, अगदी बाहेरच्या रिकाम्या कडेवर उतरवायची. आवाज आधी शून्यावर, पण लगेच वाढवायचा, नाहीतर तीच ओळ पुन्हा गेली.

मग ड्रमवर पीट थॉमस, बेसवर ब्रूस थॉमस. ("भाऊ का?" नाही हो, नुसतं आडनाव एक.) स्टीव्ह नीव्हचा व्हॉक्स कंपनीचा ऑर्गन मधे मधे टोचत राहतो. आधीच्या अल्बमला ही टोळी नव्हती. ती आली आणि हा ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकावर गेला. हे सगळं पाहुण्याला सांगायला मी वळतो, तर त्याचा अंगठा फ्रेमच्या कोपऱ्यावर असतो.