प्रमेय पोचलं, अटी वाटेत गळल्या

चतुर्थीत आमच्या पडवीवर रात्रीची आरती झाली, भजनी मंडळी चहा-उसळ घेऊन पुढच्या घरी गेली, की चटई अंथरली जाते आणि पत्ते निघतात. रमी, मेंढीकोट, उशीर झाला की पाच-दहा रुपयांची तीन पत्ती. यंदा डोंबिवलीहून आलेल्या भाच्याने पत्ते पिसता पिसता मोबाईल माझ्यापुढे धरला. "मामा, तू गणिताचा मास्तर ना? हे वाच आणि सांग. विसर्जन झालं की आम्ही चौघं पणजीला जातोय."

तो फॉरवर्ड मी त्याआधी क्लासच्या ग्रुपवर दोनदा पाहिला होता. कुडाळात अकरावी-बारावीचे क्लास घेतो, त्यामुळे असलं काही माझ्याकडे फिरत फिरत येतंच. त्यातला मजकूर थोडक्यात असा: एडवर्ड थॉर्प नावाचा गणिताचा एक साधा प्राध्यापक कॅसिनोत गेला, फोटोसारख्या स्मरणशक्तीने पानं मोजून करोडपती झाला. त्याचा फॉर्म्युला रूलेटसकट (आकड्यांच्या फिरत्या चाकावर चेंडू सोडायचा खेळ) सगळ्या खेळांना लागतो. त्याच्या पुस्तकाने कॅसिनो हादरले आणि त्यावर बंदी आली. पणजीला मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या बोटींवर तोच खेळ आहे, तेव्हा तोच फॉर्म्युला चालतो. खाली कोर्सची लिंक.

थॉर्प खरा आहे, आधी हे सांगतो. कारण घरातले मोठे "सगळं खोटं असतं रे" म्हणून मोकळे होतात आणि पोरांना वाटतं, यांना काही ठाऊकच नाही. 1932 साली शिकागोत जन्मलेला हा माणूस गणितात पीएच.डी. करून अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात शिकवायला आला, तिथल्या आयबीएम 704 संगणकावर त्याने ब्लॅकजॅकचं (पानांची बेरीज एकवीसच्या पुढे न जाऊ देता वाटणाऱ्याला मागे टाकायचा पत्त्यांचा खेळ) गणित मांडलं आणि 1961 मध्ये ते अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात छापून आलं. गणित चोख आहे. पण प्रमेयाला अटी असतात. विद्यार्थी अटी सोडून निष्कर्ष तेवढा पाठ करतात, तेव्हा मी अर्धे मार्क कापतो. या फॉरवर्डचे किती कापायचे ते बघू.

"कॅसिनोत जाऊन करोडपती झाला." 1958 च्या डिसेंबरात तो बायकोबरोबर लास वेगासला गेला तो सुट्टी घालवायला. खिशात एक चिठ्ठी. लष्करातल्या चौघांनी साध्या टेबलावरच्या कॅल्क्युलेटरवर खपून काढलेली ब्लॅकजॅकची उत्तम चाल 1956 मध्ये छापून आली होती, तिचा तो सारांश. दहा डॉलर घेऊन बसला आणि साडेआठ हरून उठला. पुढे स्वतःची पद्धत तयार झाल्यावर 1961 मध्ये तो नेवाडात, म्हणजे लास वेगास ज्या राज्यात आहे तिथे, खेळला, तेव्हा मागे दोन धनवान जुगारी होते. ते एक लाख डॉलर लावायला तयार होते, याने दहा हजारच घेतले आणि सुरुवात केली ती एक ते दहा डॉलरच्या पैजांनी. एकंदर तीसेक तासांच्या खेळात सुमारे अकरा हजार डॉलर जिंकले. पद्धत सिद्ध झाली. पण भांडवल दुसऱ्यांचं होतं आणि त्यातून कुणी करोडपती झालं नाही.

त्याचे खरे पैसे झाले ते शेअरबाजारात. 1969 ते 1988 त्याने भागीदारीत एक गुंतवणूक फंड चालवला. वॉरंट (ठरल्या किमतीला शेअर घ्यायचा हक्क) आणि परिवर्तनीय रोखे (शेअरमध्ये बदलता येणारे) यांच्या किमतीत चूक कुठे आहे हे सूत्राने शोधायचं, एक विकायचं, दुसरं घ्यायचं. खर्च-फी वजा जाता वर्षाला सरासरी 15 टक्क्यांच्या आसपास परतावा, आणि तोटा झालेलं एकही वर्ष नाही. या एकोणीस वर्षांबद्दल फॉरवर्डमध्ये अवाक्षर नाही. साहजिक आहे. रोख्यांचं गणित वाचून विसर्जनानंतर कोण गाडी काढणार?

"फोटोसारखी स्मरणशक्ती." इथे मला सावंतवाडीची गंजिफा आठवते. राजवाड्यात लाखेच्या त्या गोल रंगीत पानांचं काम आजही चालतं. दशावतारी संचात 120 पानं, दहा अवतारांची बारा-बारा. त्या खेळात खरोखर डोकं लागतं, कारण कुठल्या अवताराची कुठली पानं पडून गेली हे ध्यानात ठेवल्याशिवाय हातातलं पान मोठं की छोटं तेच कळत नाही. त्यापुढे पानं मोजणं म्हणजे बालवाडी. पुढे सर्वांत रूढ झालेली रीत अशी: दुर्रीपासून छक्कीपर्यंतचं पान दिसलं की एक मिळवा. दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का दिसला की एक वजा करा. सत्ती, अठ्ठी, नव्वी सोडून द्या. डोक्यात एकच आकडा ठेवायचा. तो वर चढला म्हणजे छोटी पानं निघून गेली, उरलेल्या गड्डीत मोठी जास्त, खेळणाऱ्याला बरं, पैज वाढवा.

हे चालतं कारण गड्डीला आठवण असते. गेलेलं पान पुन्हा पिसेपर्यंत परत येत नाही.

आणि म्हणूनच "रूलेटसकट सगळ्या खेळांना" हे वाक्य निव्वळ थाप आहे. रूलेटच्या चाकाला आठवण नाही. सलग दहा वेळा लाल आलं तरी अकराव्या वेळी ते कोरंच. एका शून्याच्या चाकावर 37 घरं, तुमचा आकडा लागला तर पैजेच्या 35 पट मिळतात. उरलेल्या फटीतून शंभर रुपयांमागे 2 रुपये 70 पैसे कॅसिनोकडे जातात. तुम्ही वहीत कितीही आकडे टिपा, चाक तुमची वही वाचत नाही. थॉर्पने रूलेटवर हात चालवला होता हे खरं, पण तो सूत्राने नव्हे. माहितीशास्त्राचा पाया घालणाऱ्या क्लॉड शॅननबरोबर त्याने सिगारेटच्या पाकिटाएवढा संगणक बनवला. बुटातल्या अंगठ्याने बटण दाबून चेंडूचा आणि चाकाचा वेग मोजायचा आणि चेंडू चाकाच्या कुठल्या भागात पडेल ते कानात सुरांनी ऐकायचं. 1961 मध्ये वेगासला नेऊन पाहिलं. यंत्र चाललं, पण कानाकडे जाणारी बारीक तार पुन्हा पुन्हा तुटायची, त्यामुळे मोठ्या पैजा लागल्याच नाहीत. पुढे 1985 मध्ये नेवाडाने अशी यंत्रं वापरणं कायद्याने गुन्हा ठरवलं. भौतिकशास्त्राच्या मास्तरांना ही गोष्ट सांगितली की ते खूश होतात. पण याला फॉर्म्युला म्हणू नये.

"पुस्तकावर बंदी आली." उलट झालं. 1962 चं 'बीट द डीलर' धडाक्यात खपलं, आजवर सात लाखांहून जास्त प्रती. कॅसिनो घाबरले हे मात्र खरं. 1964 च्या एप्रिलमध्ये वेगासच्या कॅसिनोंनी ब्लॅकजॅकचे नियम कडक केले, आणि गिऱ्हाईक टेबलं सोडून जायला लागल्यावर काही आठवड्यांतच पुन्हा पहिले नियम आणले. पुस्तक वाचून आलेले बहुतेक जण अर्धवट मोजत होते. आपण जिंकतोय अशा भरवशावर जास्त वेळ बसत होते आणि जास्त हरत होते. ब्लॅकजॅक कॅसिनोतला सगळ्यात लोकप्रिय टेबलखेळ झाला तो त्यानंतर. चोरही खूश आणि सावही खूश. खरे मोजणारे तेवढे हाकलले गेले. नेवाडात कॅसिनो त्यांना दारातूनच परत पाठवू शकतो. न्यू जर्सीत 1982 मध्ये न्यायालयाने तसं करायला मनाई केली, तर तिथल्या मालकांनी गड्ड्या वाढवल्या आणि लवकर लवकर पिसायला लागले.

आता पणजीकडे येतो, कारण भाच्याची गाडी तिकडेच निघाली होती.

गोव्याच्या 1976 च्या जुगारबंदी कायद्यात 1992 मध्ये पंचतारांकित हॉटेलांतल्या यंत्रांसाठी आणि 1996 मध्ये बोटींवरच्या टेबलखेळांसाठी वाट काढली गेली. म्हणून टेबलं मांडवीच्या पाण्यावर आहेत. (गंमत म्हणजे महाराष्ट्रानेही 1976 मध्येच कॅसिनोचा कायदा केला होता. तो कधी अंमलातच आला नाही, आणि 2023 मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करायचं ठरवलं.) गोंयकारांना 2020 च्या फेब्रुवारीपासून तिथे खेळायला बंदी आहे. पत्रादेवीच्या नाक्याअलीकडचे, महाराष्ट्रातले आपण मात्र पर्यटक. असले फॉरवर्ड सिंधुदुर्गात जोरात का फिरतात, ते यावरून समजून घ्या.

"तोच खेळ, तोच फॉर्म्युला." थॉर्पची पहिली अट एका गड्डीची होती, हाताने वाटलेली, जवळजवळ तळापर्यंत खेळलेली. अशा गड्डीतून चारही पंज्या लवकर निघून गेल्या तर खेळणाऱ्याची बाजू तीन टक्क्यांहून वर जाते. आठ गड्ड्या एकत्र असतील तर तेवढ्याच फरकासाठी 416 पानांतल्या 32 पंज्या जाव्या लागतील. आणि टेबलावर सतत पिसणारं यंत्र असेल, म्हणजे डाव झाला की पानं लगेच परत आत, तर गड्डीची आठवणच पुसली. मग मोजायचं काय? कपाळ?

टेबलावर बसण्याआधी एक पाटी वाचा: ब्लॅकजॅक (पहिल्या दोन पानांतच एक्का आणि दहाच्या किमतीचं पान) लागला तर तीनास दोन मिळतात की सहास पाच. 500 च्या पैजेवर पहिल्यात 750, दुसऱ्यात 600. ब्लॅकजॅक साधारण एकवीस डावांत एकदा येतो, त्यामुळे दीडशेचा हा फरक सुमारे 1.4 टक्के खातो. निष्णात मोजणाऱ्याची एकूण सरशी असते एक टक्क्याच्या आसपास. ती तिथेच संपली.

पण समजा, सगळं थॉर्पसारखं मिळालं. एक गड्डी, तीनास दोन, आणि भाचा एकही पान न चुकता मोजतो. एक टक्का सरशी. आता कर. कॅसिनोत जीएसटी लागतो तो चिप्सच्या पूर्ण किमतीवर, जिंकण्या-हरण्याआधी. 2023 च्या ऑक्टोबरपासून 28 टक्के, 22 सप्टेंबर 2025 पासून 40. तो गिऱ्हाइकाने भरला असं धरलं तर दहा हजारांच्या चिप्सना चार हजार कर. एक टक्क्याने चार हजार भरून काढायला एकूण चार लाखांच्या पैजा लावाव्या लागतील. 500 च्या पैजेने 800 डाव. तासाला सत्तर डाव धरा, साडेअकरा तास. आणि हे सरासरीने. 800 डावांत नशिबाचा हेलकावा इकडे-तिकडे सोळा हजारांचा असतो, म्हणजे खिशातले दहा हजार मध्येच कधीतरी बुडण्याची शक्यता भरपूर. एवढं करून जिंकलातच तर जिंकलेल्या रकमेवर सरळ 30 टक्के आयकर, वर सेस. काल हरलात म्हणून आजच्या जिंकण्यातून ते वजा करता येत नाही.

थॉर्पच्या 1961 च्या गणितात या रकान्याचं नावही नव्हतं.

हे सगळं मी चटईवर बसून आरतीच्या पत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर लिहून दाखवलं. भाचा म्हणाला, "कर ठीक आहे मामा, पण मोजायला मला येतं." मग गड्डी त्याच्या हातात दिली. एकेक पान उलटत जायचं, मनात मोजायचं. 52 पानांची बेरीज शेवटी शून्यच यायला हवी.

त्याने पंचेचाळीस सेकंदांत संपवलं आणि म्हणाला, "वजा दोन." सगळे हसले. तो चिडला, पुन्हा मोजलं. पुन्हा वजा दोन. मी हातात घेऊन मोजलं, मलाही वजा दोन. शेवटी पानं चार रंगांत लावली तेव्हा कळलं, गड्डीत पन्नासच पानं. चौकटची पंजी आणि किलवरची तिर्री नव्हती. पोरगं बरोबर होतं, गड्डी खोटी होती. गेल्या चतुर्थीपासून आम्ही तिच्यावरच रमी खेळत होतो.

तिर्री दुसऱ्या दिवशी आरतीसंग्रहात खुणेला घातलेली सापडली. पंजी अजून मिळालेली नाही. पणजीचा बेत रद्द झाला की पुढे ढकलला, ते मी विचारलेलं नाही.