लायबिलिटी कव्हर नेमके कोणत्या गाडीला: आपल्या अभिप्रायाला आमच्या एजन्सीचे उत्तर

सप्रेम नमस्कार,

आपल्या कर्मचाऱ्याने स्वतःच्या गाडीतून ग्राहकाकडे सामान नेताना अपघात झाला, समोरची व्यक्ती जखमी झाली, आणि बिझनेस ऑटो पॉलिसीत 10 लाख डॉलरचे लायबिलिटी कव्हर (म्हणजे अपघातात दुसऱ्याला झालेल्या इजेची किंवा नुकसानीची भरपाई देणारे संरक्षण) असूनही विमा कंपनीने क्लेम नाकारला. म्हणजेच आम्ही आपल्याला अर्धवट विमा विकला, असे आपण लिहिले आहे. आपल्या फाइलमधील तपशील येथे उघड करणे योग्य नाही, म्हणून आपण स्वतः मांडलेल्या मजकुरापुरतेच उत्तर देतो.

अमेरिकेतील प्रचलित बिझनेस ऑटो पॉलिसीत रकमेच्याही आधी पाहायचा असतो तो डिक्लरेशन्स पेजवर, म्हणजे पॉलिसीचा मुख्य तपशील असलेल्या पानावर, लायबिलिटीच्या ओळीत छापलेला एक छोटा आकडा. तो 1 असेल तर कोणतीही गाडी कव्हरमध्ये येते. 7 असेल तर मुख्यतः यादीत नोंदवलेल्या गाड्याच. 8 म्हणजे भाड्याने घेतलेल्या, आणि 9 म्हणजे व्यवसायाच्या मालकीच्या नसलेल्या, पण व्यवसायाच्या कामासाठी वापरलेल्या गाड्या, ज्यात कर्मचाऱ्यांच्या खासगी गाड्याही धरल्या जातात. आपण अभिप्रायासोबत जोडलेल्या छायाचित्रात त्या ओळीत केवळ 7 दिसतो. म्हणून कंपनीचा नकार मनमानी आहे असे मला म्हणता येत नाही. आमच्या प्रत्येक कोटेशनमध्ये 8 आणि 9 यांचा प्रीमियम वेगळ्या ओळीत दाखवलेला असतो आणि ग्राहकाला ते नको असल्यास तसे लेखी घेतले जाते. कर्मचारी कधीमधी बँकेत जरी स्वतःच्या गाडीने जात असेल, तरी 9 वगळू नये, असे माझे ठाम मत आहे.

मात्र 9 घेतल्यानेही सगळेच भागत नाही. ते कव्हर कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक विम्यानंतरच कामाला येते, आणि संरक्षण मिळते ते व्यवसायाला. गाडीचा मालक असलेल्या कर्मचाऱ्याला स्वतःला ते हवे असेल, तर पॉलिसीला वेगळी पुरवणी जोडावी लागते.

आत्ता महत्त्वाचे आहे ते त्या कर्मचाऱ्याचे वैयक्तिक ऑटो पॉलिसीचे कागद. अशा बहुतेक पॉलिसींमध्ये, चालकाच्या कृत्याबद्दल त्याला कामावर ठेवणाऱ्या व्यवसायावर जबाबदारी आली तर त्या व्यवसायालाही संरक्षण असते. मोबदला घेऊन माल पोहोचवण्याबाबतचा अपवाद कर्मचाऱ्याची विमा कंपनी पुढे करू शकेल, परंतु आपण होऊन तसे गृहीत धरू नका. आपल्या व्यवसायाच्या नावाने तिला आजच लेखी सूचना द्या, आणि कोर्टाचे कागद आल्यास ते एक दिवसही जवळ ठेवू नका, कारण उत्तर देण्याची मुदत थोडी असते. पत्राचा मसुदा आम्ही विनामूल्य करून देऊ.

गाडीतील फुटलेल्या सामानाची भरपाई लायबिलिटीतून मिळत नाही, कारण आपल्या ताब्यातील माल त्यातून स्पष्टपणे वगळलेला आहे. त्यासाठी कार्गो विमा लागतो.

आपण नुकतीच एक व्हॅन घेतल्याचाही उल्लेख केला आहे, त्याकडे कृपया लगेच लक्ष द्या. आकडा 7 असताना नवी गाडी आपोआप कायमची कव्हर होत नाही: व्यवसायाच्या मालकीच्या सर्व गाड्यांचे लायबिलिटी कव्हर आपली बिझनेस ऑटो पॉलिसी देणाऱ्या कंपनीकडेच असावे लागते, आणि खरेदीपासून 30 दिवसांच्या आत तिला तसे कळवावे लागते. व्हॅनच्या खरेदीची तारीख आणि नोंदणीचे कागद आजच कार्यालयात पाठवा, म्हणजे ती मुदत संपण्यापूर्वी आम्हाला कंपनीला कळवता येईल.