दाणा भरतानाच लोह आत जायला हवं

लोहयुक्त तांदळावरचा लेख आवडला, पण दाण्यात लोह कुठे असतं हे त्यात यायला हवं होतं. बरंचसं वरच्या थरात आणि अंकुरात असतं, पॉलिश केलं की तेच कोंड्याबरोबर जातं. आमच्या मावळात इंद्रायणी हा वासाचा भात गिरणीत सडून आणला की तो तपकिरी, हाताला तेलकट लागणारा कोंडा थेट गोठ्यात जातो! म्हणूनच १९९९ चं जपानी संशोधन मला मोलाचं वाटतं. सोयाबीनचं फेरिटिन, म्हणजे लोह साठवणारं प्रथिन, बनवणारं जनुक भातात असं घातलं, की दाणा भरताना ते आतल्या पांढऱ्या भागात काम करेल. लोह तिपटीपर्यंत वाढलं. माझ्या सुनेचं हिमोग्लोबिन गरोदरपणात ८ वर आलं होतं, आणि घरात दोन्ही वेळा भातच. इंद्रायणीचा वास राखून तिच्यात हे करता येईल का?