‘चौथीतलं पोरही सांगेल’ या कॉमेंटला उत्तर

टॅब घेण्याबद्दल मी एक लेख लिहिला होता, त्यात म्हटलं होतं की ए४ पान वाचायला ११ इंची टॅबपेक्षा माझा अ‍ॅपलचा १०.२ इंची आयपॅड काही कमी पडत नाही. त्यावर ‘स्पष्टवक्ता’ नावाने परवा रात्री पावणेबाराला एक कॉमेंट आली. डिलीट केलेली नाही, पण सगळेच खाली जाऊन वाचतील असं नाही म्हणून इथे देते: “काकू, ११ हे १०.२ पेक्षा मोठं असतं हे चौथीतलं पोरही सांगेल. २०२१ चं मॉडेल गळ्यात मारताय, पेन्सिलचे पैसे वेगळे, मेमरी कार्डाला जागा नाही, अपडेट किती वर्षं मिळणार त्याबद्दल अवाक्षर नाही. लोकांचे पैसे बुडवू नका.”

आधी ते काकू. काकू म्हणण्याबद्दल माझं काहीच नाही, सोसायटीतली सगळी पोरं म्हणतात, पण ती चपला बाहेर काढून घरात येतात आणि मग म्हणतात. तुम्ही दारातूनच ओरडलात. आणि पैसे बुडण्याचं म्हणाल तर ते मला कुणी शिकवायची गरज नाही. लॉकडाउनमध्ये मुलीच्या ऑनलाइन शाळेसाठी स्वस्तातला दहा इंची टॅब घेतला होता, कंपनीचं नाव घेत नाही. आठ महिन्यांत चार्जिंगची पिन ढिली, मग वायरीखाली काड्यापेटी लावून चार्ज करायचा, सर्व्हिस सेंटरवाला म्हणे पार्टच येत नाही. माळ्यावर आहे अजून. त्यानंतरच मी चार दुकानं फिरून, वाचून, विचारून घ्यायला लागले आणि तेच लेखात लिहिलं.

आता तुमचं ते चौथीतलं पोर. मी २००३ पासून डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायचं काम करते, पुण्यात आप्पा बळवंत चौकाच्या मागच्या गल्लीत, पेजमेकर आणि श्रीलिपी या जुन्या सॉफ्टवेअरच्या काळापासून. पानाचं माप कशाला म्हणतात ते मला माहितीये हो. टॅबचे इंच हे या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंतचे असतात, तिरके. स्क्रीन जितकी लांबट तितका तो आकडा फुगतो आणि रुंदी मात्र तिथेच राहते. लेखात मी एवढंच लिहिलं होतं की क्लासच्या नोट्स, फॉर्म, सोसायटीचे हिशोब असं ए४ पान वाचायचं असेल तर ११ इंचावर ते काही मोठं दिसत नाही. ‘११ हे १०.२ पेक्षा लहान’ असं मी कुठे लिहिलंय? दाखवा.

तरी काल रात्री मोजलंच. आमच्या जाऊबाईंकडे सॅमसंगचा टॅब ए९ प्लस आहे, ११ इंची, १६ बाय १० वाला, म्हणजे स्क्रीनची लांबी-रुंदी या प्रमाणात. माझा नवव्या पिढीचा आयपॅड, १०.२, ४ बाय ३. दोन्ही दिवाणावर शेजारी उभे ठेवले, मुलीच्या अकरावीच्या फिजिक्सच्या नोट्सचं एकच पान दोन्हीकडे उघडलं आणि स्टीलची पट्टी लावली. जाऊबाईंची स्क्रीन रुंदीला १४.८ सेंटिमीटर, उंचीला २३.७. माझी १५.५ आणि २०.७. अख्खं पान बसवलं तर त्यांच्याकडे पान १४.८ रुंद आलं, माझ्याकडे साधारण १४.७. एक मिलिमीटर! आणि त्यांच्याकडे वरखाली मिळून पावणेतीन सेंटिमीटर नुसती काळी पट्टी, जिचे पैसे त्यांनी भरलेत. पान रुंदीला ताणून वाचलं तर माझ्याकडे उलट मोठं दिसतं, खाली जरासं सरकवावं लागतं इतकंच. जाऊबाई म्हणाल्या, “तुम्हाला रात्री साडेदहाला हेच सुचतं का?” ते जाऊ दे.

एक गोष्ट मान्य करते, मी तशी हट्टी नाही. कथा-कादंबऱ्यांचं डेमी पान, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच, हे मुळातच लांबट असतं आणि ते जाऊबाईंच्या टॅबवर माझ्यापेक्षा मोठं दिसतं, जवळजवळ दीड सेंटिमीटर जास्त रुंद. सिनेमाही तिथेच बरा दिसतो, कारण तो आडवा लांबट. हे लेखात एका ओळीत यायला हवं होतं, राहिलं. पण तुम्ही काही डेमीबद्दल बोलला नव्हतात, तुम्हाला डेमी म्हणजे काय हे तरी माहीत होतं का, शंकाच आहे.

बाकी पेन्सिल (म्हणजे स्क्रीनवर लिहायची), मेमरी कार्ड, अपडेट. पेन्सिल वेगळी घ्यावी लागते हे जगाला माहितीये, मुलीने आधी बोटाने काम भागवलं, मग वाढदिवसाला घेतली. कार्ड बसत नाही म्हणून आम्ही जुन्या नोट्स लॅपटॉपवर टाकतो, काही बिघडत नाही. अपडेट माझ्याकडे येतायत अजून, पुढचं पुढे बघू, त्यावर स्वतंत्र लेख लिहीन कधीतरी. मॉडेल जुनं आहे म्हणालात, तर मी ते दिवाळी सेलमध्ये घेतलं आणि रोज चार तास वापरते, मला जुनं वाटत नाही. तुम्हाला वाटत असेल तर नका घेऊ, मी काही दुकान टाकून बसले नाहीये.

आणि परत लिहायचं असेल तर खरं नाव लावून लिहा, आणि सोबत तुमच्या टॅबवर ए४ पान उघडून पट्टी लावलेला फोटो टाका. प्लॅस्टिकची पट्टी असेल तर शून्याच्या रेघेपासून लावा, टोकापासून नाही, तिथे दोन-तीन मिलिमीटर रिकामे असतात.