पैसे कुठले हो हे?

आज नांदेडला दादाकडं गेलो होतो. सकाळी वहिनीनं मुरमुऱ्यांचा सुशीला केला होता, तो खाऊन निवांत बसलो. पुतण्या आणि त्याचे तीन मित्र टीव्हीला लॅपटॉप जोडून 'ब्रेकिंग बॅड' बघत होते. आधी बरंच वाटलं. मीही ती मालिका दोनदा पाहिलीय, सगळे ६२ भाग. पोरं चांगलं काहीतरी बघायलीत म्हणून मीही त्यांच्यात जाऊन बसलो.

तेवढ्यात पडद्यावर वॉल्टरची बायको आली, स्कायलर. चौघं एका सुरात ओरडले, "आली आली, कटकट आली!" एक म्हणाला, पुढं ढकल हिला. दुसरा म्हणाला, हिलाच मारायला पाहिजे होतं पहिल्या सीझनला, सगळी मजा घालवती. आणि सोफ्यावर बसलेला माझा सख्खा मोठा भाऊ हसत म्हणाला, "आपली माय अशीच होती बघ. चांगल्या टायमाला बरोबर नाट लावायची."

सगळे हसले. वहिनी कप उचलत होती, ती हसली नाही. मीही काही बोललो नाही. दुपारची गाडी धरून परभणीला आलो आणि रस्ताभर मनातल्या मनात भांडत आलो. आता रात्री लिहायलोय. दादा वाचेल. वाचू दे.

ज्यांनी पाहिली नाही त्यांना थोडक्यात सांगतो. अमेरिकेतल्या अल्बुकर्की गावातला शाळेत रसायनशास्त्र शिकवणारा मास्तर. पगार पुरत नाही म्हणून शाळा सुटल्यावर गाड्या धुण्याच्या ठिकाणी काम करतो, तिथं स्वतःच्याच विद्यार्थ्याच्या गाडीची चाकं गुडघ्यावर बसून पुसतो. पन्नाशीला फुप्फुसाचा कॅन्सर निघतो. बायको गरोदर, मुलगा अपंग. मग हा माणूस घरासाठी चार पैसे ठेवून जावं म्हणून नशेचं मेथ बनवायला लागतो. इथपर्यंत कुणाचंही काळीज हलेल, माझंही हललं. पुढं तो माणसं मारतो, लहान पोराला विष देतो, आणि आपण तरी त्याच्याच बाजूनं श्वास रोखून बसलेलो असतो.

याचं कारण हसू. ती मालिका हसवते फार. ॲसिडनं बाथटब विरघळून वरच्या मजल्यावरून छत फोडून सगळं खाली कोसळतं तेव्हा मीही पोट धरून हसलो होतो. हसता हसता आपण त्या माणसाच्या शेजारी जाऊन बसतो आणि मग जो कुणी त्याला आडवा येईल तो आपल्याला आडवा आल्यासारखा वाटतो. बायको आडवी येते. ती करते काय? विचारते. कुठं होतास, पैसे कुठून आले, माझ्याशी खोटं का बोललास. एवढंच.

आता आमच्या घरचं सांगतो.

१९९६, फेब्रुवारी महिना. क्रिकेटचा वर्ल्डकप आपल्याकडं होता. आमचे अण्णा मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, एका आडत दुकानावर मुनीम. एका संध्याकाळी हातगाड्यावर घालून कलर टीव्ही आला, वीस इंची. गल्लीत पहिला. हमालानं तो खोलीत आणून ठेवला, शेजारपाजारचे गोळा झाले, पोरं दारात लोंबकळायली. बायका म्हणाल्या, हळदकुंकू लावा की टीव्हीला. माय स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी, दोन्ही हात कोपरापर्यंत ज्वारीच्या पिठात. ती पुढं आली नाही. तिथूनच म्हणाली, "पैसे कुठले हो हे?"

अण्णा हसत म्हणाले, मालकानं बोनस दिला.

"फेब्रुवारीत कसला बोनस?"

आख्खी खोली हसली, तिलाच. अण्णांचा चेहरा उतरला. मी तेव्हा चौदा वर्षांचा. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "माय, तू गप बस ना." ती गप बसली. आत गेली. भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला.

त्या वर्ल्डकपला पाकिस्तानच्या मॅचला, अजय जडेजानं वकारला धुतलं त्या रात्री, आमच्या खोलीत निदान चाळीस माणूस होतं. मायनं सगळ्यांना चहा केला. बाहेर आली नाही. सेमीफायनलला कांबळी रडत मैदानाबाहेर आला तेव्हा आम्ही सगळे रडलो, तेव्हाही ती आतच. तीन वर्षं टीव्ही घरात होता, तीन वर्षांत ती एकदाही त्याच्यासमोर बसली नाही. आम्ही दोघं भाऊ म्हणायचो, हिला सुख बघवत नाही.

हे शब्द आमचे होते. आज त्या पोरांच्या तोंडून ऐकले ते वेगळे नव्हते.

आणि हे फक्त नांदेडच्या एका खोलीत होतंय असं नाही. ज्या बाईनं स्कायलरचं काम केलं, ॲना गन, तिनं ऑगस्ट २०१३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये यावरच लेख लिहिला होता. स्कायलरचा राग करणारी फेसबुक पानं निघाली होती, हजारो लोक त्यांना लाइक करत होते. हळूहळू तो राग भूमिकेवरून उतरून तिच्या स्वतःच्या अंगावर आला. एकानं तर इंटरनेटवर विचारलं होतं, ही बाई कुठं सापडेल, मला तिला मारायचंय. नवरा खून पाडत फिरतोय आणि मारायचंय कुणाला, तर त्याला जाब विचारणारीला! त्याच्या पुढच्याच महिन्यात तिला या भूमिकेसाठी एमी पुरस्कार मिळाला, पुढच्या वर्षी परत मिळाला. पण शिव्या घालणाऱ्याला त्याचं काय.

तिसऱ्या सीझनला वॉल्टर पिझ्झा घेऊन घरी येतो, ती त्याला आत घेत नाही, तो चिडून अख्खा पिझ्झा छपरावर भिरकावतो. प्रसंग हसण्यासारखा आहे, नाही म्हणत नाही. पण ते घर खरं आहे. त्यात खरी माणसं राहायची, म्हातारी माणसं. आणि बघणारे लोक लांबलांबून तिथं जाऊन खरेखुरे पिझ्झे त्यांच्या छपरावर फेकायला लागले. शेवटी २०१५ मध्ये मालिका लिहिणाऱ्या व्हिन्स गिलिगनला सांगावं लागलं की बाबांनो, हे बंद करा. तरी थांबलं नाही. २०१७ मध्ये त्या घरमालकांना भोवती उंच लोखंडी कुंपण घालावं लागलं. पोरांनो, विचार करा. ज्या दारात बाईनं नवऱ्याला 'आत येऊ नकोस' म्हटलं, त्या दारावर जाऊन तुम्ही नवऱ्याच्या वतीनं पिझ्झा फेकायलात. मला यात हसण्यासारखं काहीच दिसत नाही.

हो, स्कायलर पुढं स्वतःच त्या पैशाचा हिशोब बघायला बसते, गाड्या धुण्याचा धंदा विकत घेऊन काळ्याचं पांढरं करते, साहेबाशी तिचं प्रकरणही होतं. मान्य. पण तिनं एक चूक केली तर चौघं बोटं मोडतात आणि त्यानं पन्नास केल्या तरी "काय डोकं आहे राव"!

वॉल्टरचा तो 'दार ठोठावतो तो मीच' हा डायलॉग टी-शर्टवर छापलाय जगभर. पुतण्याकडंही आहे, आज तोच घातला होता. चौथ्या सीझनचा सहावा भाग. त्याच भागाच्या शेवटी ती म्हणते की जो माणूस या घराचं रक्षण करतोय, त्याच्यापासूनच या घराला कुणीतरी वाचवायला पाहिजे. चाळीस मिनिटांचं अंतर असेल दोन वाक्यांत. ते कुणी छापत नाही. ते कुणाला आठवतही नाही.

मी आता थोडं पाणी पिऊन आलो. राग आलाय, पण अण्णांबद्दल वाईट लिहायचं नाहीये मला. अण्णा वाईट नव्हते. रोज रात्री मोंढ्यातून येताना आमच्यासाठी खिशात काहीतरी असायचंच, गुडदाणी, नाहीतर बोरं. मुनिमाचा पगार तो काय, दोन पोरांच्या फिया, आजीचं औषधपाणी. आयुष्यभर दुसऱ्याचे हिशोब लिहिणाऱ्या माणसाला एकदा वाटलं असेल की गल्लीनं आपल्या दारात यावं. ते मला आता माझ्या वयात कळतं. त्यांनी कधीच मान्य केलं नाही, २०११ ला गेले तोवर एकच वाक्य होतं, "पोरांसाठी केलं." वॉल्टरही पाच सीझन हेच म्हणतो. शेवटच्या भागात मात्र बायकोसमोर उभा राहून कबूल करतो की मी माझ्यासाठी केलं, मला ते आवडत होतं. कुणासमोर करतो कबूल? तिच्याचसमोर. ज्या बाईला तुम्ही पुढं ढकलत होतात तिच्यासमोर.

आता टीव्हीच्या पैशाचं. मोंढ्यात ज्यांचा माल गेलाय त्यांना सांगायला नको. काट्यावर पोत्यामागं किलो-दोन किलो जास्तीचं ओढायचं, वर कडता म्हणून वजनातून वेगळं कापायचं, पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशोबाची चिठ्ठी, करताना आकडा आणखी खाली धरायचा. दिवसाला पाच-पन्नास शेतकरी. संध्याकाळी जे उरेल त्याची वाटणी. सगळे करायचे म्हणून अण्णांनीही केलं. मायच्या माहेरी शब्द आहे त्याला, मापात पाप.

आणि मायला हे आधीच माहीत होतं. हे मला कळायला वीस वर्षं लागली. टीव्ही यायच्या आठ दिवस आधी माझा मामा तूर घेऊन आला होता. दाजींचंच दुकान म्हणून भरवशानं तिथं घातली. ९ पोती. अण्णा लिलावात होते, मापाडी रोजच्या हातानं मापून मोकळा झाला. मामानं गावातून निघताना पोती तोलून घेतली होती. पट्टीत ५२ किलो कमी. तो बहिणीच्या घरी जेवला, अण्णांना काही बोलला नाही, जाताना फक्त पट्टी तिच्या हातात दिली. चौथी शिकलेली माझी माय. तिनं रात्री चिमणीच्या उजेडात बेरीज केली असेल, पुन्हा केली असेल. आणि आठ दिवसांनी हातगाड्यावर टीव्ही आला.

तरीही तिनं भरल्या घरात पट्टीचं नाव काढलं नाही. फक्त विचारलं. नवऱ्याला खरं बोलायची एक संधी दिली तिनं. आणि मी म्हणालो, गप बस.

१९९९ ला एका शेतकऱ्यानं काट्यावरच आरडाओरडा केला, बाजार समितीची माणसं आली. मालकानं सगळं मुनिमावर ढकललं आणि अण्णांना काढून टाकलं. टीव्ही विकला. गल्लीतल्या बायका काय म्हणाल्या माहितीय? "हिच्या तोंडानंच घर बसलं." अण्णांना कुणी काही बोललं नाही. अण्णा तर मस्त माणूस. सगळ्यांना मॅच दाखवायचे.

मालिका आहे, एवढं काय मनावर घेतोस, असं आता खाली कुणीतरी लिहीलच. नका लिहू. बाथटब कोसळला तेव्हा मीही हसलोय, तेवढं कळतं मला. मला त्रास होतो तो दाराशी उभ्या असलेल्या बाईला हसतात त्याचा.

माय आता माझ्याकडंच असते. बाहेरच्या खोलीत झोपलीय. सध्या टीव्ही बघते, कीर्तनं लावते, आवाज फार मोठा करते.

पुतण्या, तू फ्रेंडलिस्टमध्ये आहेस, वाचशीलच. चौथ्या सीझनचा तो सहावा भाग शेवटपर्यंत बघ, पुढं न ढकलता. आणि दिवाळीत येशील तेव्हा आजीला म्हण, ट्रंकेतली मामाची पट्टी दाखव. पिवळी पडलीय, घडीवर फाटलीय, पण आकडे वाचता येतात. येताना तुझ्या बापालाही घेऊन ये. त्यानं अजून पाहिली नाही ती.