‘पापणीचा एक फोटो आणि पाच मिनिटांत निदान’: कोरड्या डोळ्यांबद्दलच्या या दाव्यातलं किती खरं?

कोरड्या डोळ्यांबद्दल एक संदेश सध्या सगळीकडे पुढे पाठवला जातोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: इन्फ्रारेड कॅमेऱ्याने पापणीच्या ग्रंथींचा फोटो काढला की पाच मिनिटांत पक्कं निदान होतं. डोळ्यात रंग घालणं, कागदाची पट्टी अडकवणं हे प्रकार आता कालबाह्य झाले. फोटोत जेवढा भाग काळा तेवढ्या ग्रंथी मेलेल्या. फोटो चांगला आला तर आजारच नाही. तेलाच्या थराचा आकडा आणि संगणकाने काढलेली टक्केवारी यांत चूक होत नाही. आणि उपचारानंतरच्या फोटोत ग्रंथी पुन्हा उगवलेल्या दिसतात.

यातला कॅमेरा खरा आहे आणि फार उपयोगाचाही आहे. त्याच्या फोटोतून काढलेले निष्कर्ष मात्र चुकीचे आहेत आणि त्यांचा त्रास रुग्णाला भोगावा लागतो. कुणाला नसलेल्या आजाराचे उपचार मिळतात, तर कुणाचा खरा आजार ‘फोटो चांगला आहे’ म्हणून तसाच राहतो. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘एका फोटोत निदान होतं’

प्रकाशाच्या साहाय्याने होणाऱ्या तपासण्या किमान चार वेगवेगळ्या आहेत आणि प्रत्येकीचा प्रश्न वेगळा आहे. मायबोग्राफी पापणीतल्या तेलग्रंथींची रचना दाखवते. डोळ्यावर पाडलेल्या वर्तुळांचं प्रतिबिंब किती सेकंदांत मोडतं, यावरून अश्रूंचा थर किती टिकतो ते कळतं. इंटरफेरोमेट्री त्या थरावरच्या तेलाची जाडी रंगांवरून ओळखते. खालच्या पापणीच्या कडेला साचलेल्या अश्रूंच्या पट्टीची उंची साध्या फोटोत किंवा ओसीटीत (प्रकाशाने घेतलेल्या आडव्या छेदाच्या चित्रात) मोजली की पाण्याचं प्रमाण समजतं. संदेशातला ‘स्कॅन’ म्हणजे यातली फक्त पहिली तपासणी.

आता निदानाचे निकष पाहू. २०१७ साली अश्रूंच्या थरावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, म्हणजे टीएफओएसने, ड्राय आयवरचा, म्हणजे कोरड्या डोळ्यांवरचा, दुसरा मोठा अहवाल काढला. त्या अहवालानुसार आधी त्रास हवा होता: ओएसडीआय या त्रासाच्या प्रश्नावलीत १३ किंवा अधिक गुण, नाहीतर डीईक्यू-५ या छोट्या प्रश्नावलीत ६ किंवा अधिक. त्याच्या जोडीला पुढच्यापैकी किमान एक खूण हवी होती. रंग न घालता मोजलेला अश्रूंचा थर १० सेकंदांच्या आत तुटणं. अश्रूंची ऑस्मोलॅरिटी, म्हणजे त्यांतल्या क्षारांची तीव्रता, ३०८ किंवा जास्त असणं, किंवा दोन डोळ्यांत ८ हून अधिक फरक असणं. किंवा डोळ्याच्या पृष्ठभागावर ठरावीक मर्यादेपलीकडे रंग पकडला जाणं, म्हणजे कॉर्नियावर (बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर) ५ पेक्षा जास्त ठिपके, पांढऱ्या भागावर ९ पेक्षा जास्त ठिपके, किंवा पापणीच्या आतल्या कडेला २ मिमी लांब आणि पाव रुंदी व्यापणारा पट्टा. या यादीत ग्रंथींचा फोटो नाही. तो येतो पुढच्या पायरीवर: आजार आहे हे ठरल्यावर तो तेलाच्या कमतरतेचा आहे की पाण्याच्या, हे ओळखताना.

‘रंग आणि पट्टी कालबाह्य झाली’

या मुद्द्यात थोडं तथ्य आहे आणि ते मान्य करायला हवं. फ्लुरोसीन हा तपासणीचा रंग घातल्याने अश्रूंचा थर स्वतःच अस्थिर होतो, त्यामुळे रंग घालून मोजलेली वेळ रंगाशिवाय मोजलेल्या वेळेपेक्षा सहसा कमी येते. थर किती टिकतो हे पाहायचं असेल तर वर्तुळांची पद्धत आधी वापरणं योग्यच. पण पृष्ठभागावरच्या पेशींना इजा झाली आहे का, हे ना इन्फ्रारेड फोटोत दिसतं ना वर्तुळांत. त्यासाठी रंगच लागतो: कॉर्नियासाठी फ्लुरोसीन, पांढऱ्या भागासाठी आणि पापणीच्या कडेसाठी लिसामिन ग्रीन.

इथेही पद्धत सांभाळावी लागते. फ्लुरोसीनची पट्टी सलाइनने ओली करून जास्तीचा थेंब झटकून टाकायचा आणि मग पापणीला हलकेच लावायची. रंग जास्त झाला तर अश्रूंची पट्टी फुगते आणि चमक उलट मंदावते. ठिपके १ ते ३ मिनिटांनी, निळ्या प्रकाशात आणि निरीक्षणाच्या बाजूला पिवळा फिल्टर लावून पाहायचे. हा पिवळा फिल्टर अनेकदा वगळला जातो आणि पांढऱ्या भागावरचे फिके ठिपके नजरेतून सुटतात.

कागदाच्या पट्टीची, म्हणजे शर्मर चाचणीची, गरज सगळ्यांना नसते. पण तोंडही कोरडं पडतंय, सांधे दुखतायत, अश्रूंची पट्टी अगदी बारीक आहे, अशा वेळी ती टाळता येत नाही. शोग्रेन आजाराच्या (ज्यात शरीराची प्रतिकारशक्तीच अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर हल्ला करते) २०१६ च्या वर्गीकरणात ५ मिनिटांत ५ मिमी किंवा त्याहून कमी ओल येण्याला १ गुण आहे, रक्तातल्या एसएसए प्रतिपिंडाला ३, ओठातल्या लाळग्रंथींच्या तुकड्यातल्या ठरावीक बदलांना ३, आणि एकूण ४ गुण लागतात. पापणीचा फोटो कितीही स्पष्ट असला तरी त्यातून यातला एकही गुण मिळत नाही.

तपासण्यांचा क्रमही महत्त्वाचा, कारण प्रत्येक तपासणी पुढचीला बिघडवते. आधी प्रश्नावली. मग डोळ्याला हात न लावता अश्रूंच्या पट्टीची उंची, थर टिकण्याची वेळ आणि तेलाची जाडी. त्यानंतर रंग, लागल्यास शर्मर. पापणी उलटून फोटो आणि ग्रंथी दाबून पाहणं सर्वांत शेवटी. पापणी आधी दाबली तर ग्रंथींतलं तेल अश्रूंवर पसरतं आणि तेलाच्या थराचा आकडा उगाच चांगला येतो.

‘काळा भाग म्हणजे मेलेल्या ग्रंथी’

सर्वांत जास्त घबराट याच वाक्याने पसरते, म्हणून इथे जरा थांबू.

वरच्या पापणीत साधारण २५ ते ४० मायबोमियन ग्रंथी, म्हणजे याच तेलग्रंथी, असतात, खालच्या पापणीत २० ते ३०. वरच्या ग्रंथी मध्यभागी सुमारे साडेपाच मिमी लांब असतात, खालच्या सुमारे २ मिमी. पापणी उलटून इन्फ्रारेड प्रकाश टाकला की त्या उजळ उभ्या रेषांसारख्या दिसतात आणि मधला भाग गडद दिसतो. पापणीच्या पलीकडून, त्वचेच्या बाजूने प्रकाश दिला तर मात्र वाचन उलटं होतं: ग्रंथी गडद आणि मधला भाग उजळ दिसतो. स्पर्शाशिवायची आजची पद्धत जपानच्या रेइको आरिता यांनी २००८ मध्ये मांडली. त्यांचं मायबोस्कोअर सोपं आहे: ग्रंथींचा काहीच भाग नाहीसा झाला नसेल तर ०, एक तृतीयांशाहून कमी भाग गेला तर १, एक ते दोन तृतीयांश गेला तर २, त्याहून जास्त गेला तर ३. दोन्ही पापण्यांची बेरीज ६ पर्यंत जाते.

ग्रंथी खरोखर नाहीशी झाली असेल तर भाग गडद दिसतोच. पण गडद दिसण्याची इतरही कारणं आहेत. वरची पापणी पूर्ण उलटली नाही तर तिच्या मुळाकडचा भाग चौकटीत येतच नाही आणि ग्रंथी तुटक्या वाटतात. पापणी वळलेली असल्याने मध्यभाग फोकसमध्ये आणि कडा धूसर राहतात. ओल्या पृष्ठभागावर प्रकाशाचे चकाकते डाग पडतात आणि त्यांच्याखाली काय आहे ते कळत नाही. बोटाने फार दाब दिला तर ग्रंथी वाकड्या दिसतात. खालच्या पापणीत तर नाकाकडचा आणि कानाकडचा भाग नीट उलटतच नाही, त्यामुळे तिचे फोटो नेहमीच कमी भरवशाचे असतात. शिवाय ग्रंथी जागेवर असून तिच्यात तेल कमी असेल तरी ती फिकी पडते.

वयाचा भाग वेगळाच. काहीही त्रास नसलेल्या माणसांतही वय वाढतं तसा ग्रंथींचा काही भाग कमी होतो, हे आरिता यांच्या त्याच कामात दिसलं होतं. त्यामुळे सत्तरीतल्या माणसाच्या फोटोत मायबोस्कोअर २ आलं आणि डोळे शांत असतील, तर त्या आकड्यावरून उपचार सुरू करण्याचं कारण नाही.

मूळ अडचण अशी की फोटो रचना दाखवतो, काम दाखवत नाही. भिंतीतली पाइपलाइन दिसली म्हणून नळाला पाणी येतंय असं कुणी म्हणणार नाही. ग्रंथीतून तेल येतंय का, कसं येतंय, हे पाहायला पापणीची कड हलक्या, सारख्या दाबाने दाबून स्लिट लॅम्पवर (डोळे तपासण्याच्या सूक्ष्मदर्शकावर) बघावं लागतं. खालच्या पापणीच्या नाकाकडच्या, मधल्या आणि कानाकडच्या भागातल्या पाच-पाच, अशा १५ ग्रंथींपैकी किती उघडतात ते मोजायचं. तेलाचा दर्जाही नोंदवायचा: स्वच्छ द्रवाला ०, गढूळाला १, कण असलेल्या गढूळाला २, टूथपेस्टसारख्या घट्ट वळीला ३. या तपासणीला कॅमेरा लागत नाही आणि ती एका मिनिटात होते. ती केलेली नसेल तर मायबोग्राफीचा अहवाल अर्धाच समजावा.

‘फोटो चांगला, म्हणजे आजार नाही’

ग्रंथी लांब, सरळ, भरगच्च दिसत असूनही त्यांची तोंडं घट्ट तेलाने बुजलेली असू शकतात. बिघाडाची सुरुवात तिथूनच होते, रचना नंतर गळते. या टप्प्यावर शेक आणि पापणीची स्वच्छता सर्वांत जास्त उपयोगी पडते आणि चांगल्या फोटोच्या भरवशावर नेमका हाच टप्पा हातचा जातो.

ज्यांना पाण्याचीच कमतरता आहे त्यांच्या तेलग्रंथी उत्तम असू शकतात. पापण्यांच्या केसांच्या बुडाशी डेमोडेक्स या सूक्ष्म किड्यामुळे होणारी नळीसारखी पारदर्शक कवचं असतील तर ती मायबोग्राफीत दिसत नाहीत. रुग्णाला खाली पाहायला सांगून स्लिट लॅम्पने वरच्या पापणीचे केस बघावे लागतात. पापण्या अर्धवट मिटण्याची सवय व्हिडिओत सापडते, स्थिर फोटोत नाही. आणि काहींचा सगळा पृष्ठभाग शांत असताना दुखणं तीव्र असतं. अशा वेळी भूल देणारा एक थेंब टाकून पाहतात. दुखणं त्यानेही थांबलं नाही तर उगम पृष्ठभागावर नसून मज्जातंतूंत किंवा त्यापलीकडे असण्याची शक्यता धरावी लागते.

‘नॅनोमीटरचा आकडा खोटं बोलत नाही’

अश्रूंचा संपूर्ण थर जेमतेम ३ मायक्रॉनचा, म्हणजे ३,००० नॅनोमीटरचा. त्यावरचं तेल सरासरी ४० नॅनोमीटरच्या आसपास, पण निरोगी डोळ्यांत सुद्धा ते साधारण १५ पासून १५० च्या पुढे जाऊ शकतं. शिवाय ते प्रत्येक उघडझापीबरोबर बदलतं. जोरात डोळे मिटून उघडले की वाढतं. पापणीला लावलेलं क्रीम, काजळ, मलम किंवा तेलयुक्त थेंब रंगांत मिसळतात. काही उपकरणं १०० नॅनोमीटरच्या वरचा आकडा दाखवतच नाहीत. आणि जाड थर म्हणजे चांगला थर असंही नाही: पाणी कमी असलं की तेल नीट पसरत नाही, एका जागी साचतं आणि आकडा मोठा येतो. म्हणून हा आकडा थर टिकण्याच्या वेळेशेजारी ठेवूनच वाचायचा.

‘संगणक चुकत नाही’

सॉफ्टवेअर मोजणी सातत्याने करतं, हे खरं. पण त्याला जो फोटो दिला तोच ते मोजतं. चकाकीला ते उजळ ग्रंथी समजू शकतं आणि अर्धवट उलटलेल्या पापणीवर अगदी अचूक दिसणारी चुकीची टक्केवारी देतं. वर्तुळांच्या चाचणीतही तसंच: पापणीच्या केसांची सावली, डोळ्याची हालचाल किंवा चिपडाची तार आली की ‘थर तुटला’ अशी नोंद होते, आणि कॉर्निया मुळातच वाकडा असेल तर पहिल्या क्षणापासून वर्तुळं मोडलेली दिसतात. पहिल्याच सेकंदात तुटल्याची नोंद आली तर व्हिडिओ उघडून डोळ्यांनी खात्री करावी.

चाचणी घेताना कृत्रिम अश्रूंचे थेंब किमान २ तास आधीपासून बंद, कॉन्टॅक्ट लेन्स काढलेली, मेकअप नाही, पंखा किंवा एसीचा झोत चेहऱ्यावर नाही. तीनदा नेहमीसारखी उघडझाप करायची, मग डोळा उघडा ठेवायचा. एका वाचनावर विसंबू नये, तीन घ्यावीत.

‘उपचारांनी ग्रंथी पुन्हा उगवतात’

आधीच्या आणि नंतरच्या फोटोंची जोडी पाहताना पहिला प्रश्न विचारावा: दोन्हींत पापणी सारखीच उलटली आहे का? पापणीची कड, केसांची ओळ, कोपऱ्यातल्या ग्रंथी दोन्ही चौकटींत तशाच दिसायला हव्यात. नंतरच्या फोटोत पापणी २ मिमी जास्त उलटली असेल तर ग्रंथी ‘वाढलेल्या’ दिसणारच. शेक किंवा दाब दिल्यावर साचलेलं तेल मोकळं होतं आणि अंधुक ग्रंथी उजळ होऊ शकतात. ही सुधारणा खरी आहे, पण तिला नवी ग्रंथी म्हणता येत नाही. पूर्ण गळलेली ग्रंथी परत आल्याचा दावा एका जोडीवर मान्य करू नये. उपचार लागू पडला का, हे प्रश्नावलीचे गुण, उघडणाऱ्या ग्रंथींची संख्या, तेलाचा दर्जा आणि थर टिकण्याची वेळ यांवरून ठरवावं.

एक धोक्याची गोष्ट संदेशात कुठेच नाही. एकाच पापणीत, एकाच जागी पुन्हा पुन्हा गाठ येत असेल, तिथले केस गळत असतील किंवा कड जाड, खडबडीत झाली असेल, तर फोटोत त्या जागी दिसणाऱ्या काळ्या भागाला ‘ग्रंथी गळाली’ म्हणून सोडून देऊ नये. विशेषतः वयस्क माणसात तो तेलग्रंथीचा कर्करोग असू शकतो. अशा ठिकाणी शेक, मसाज किंवा उष्णतेची उपकरणं वापरत वेळ घालवू नये. नेत्रतज्ज्ञाकडून तुकडा काढून तपासून घ्यावा.